पाणी कुठे साचतं, हे आधी विचारणारी नर्सरी

"बेन, पाणी क्यां भराय छे?" बडोद्याच्या पादरा रस्त्यावरच्या या नर्सरीत मालकांनी मला पहिला प्रश्न हा केला. मी मागत होते आठ गुलमोहर, तेही दहा फुटी. भायलीच्या आमच्या घराला फाटकापासून पोर्चपर्यंत नव्वद फुटांची वाट आहे आणि मला तिच्यावर लवकर सावली हवी होती.

गुलमोहर त्यांनी दिला नाही. लाकूड ठिसूळ, वादळात फांदी गाडीवर येणार, आणि वरवरची मुळं पेव्हर ब्लॉक उचलणार. मग कागदावर वाट काढायला लावली. फाटकाकडचा भाग खोलगट, तिथे पावसाचं पाणी तुंबतं, म्हणून तिथे चार करंज. घराकडच्या उंच बाजूला चार कडुनिंब, कारण कडुनिंबाला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. वाटेच्या दोन्ही कडांना चार-चार झाडं, ओळीत दोन झाडांत पंचवीस फूट. शेजारच्यांना कोनोकार्पस, म्हणजे ते भराभर वाढणारं परदेशी झाड, हवा होता, पण तो ते ठेवतच नाहीत. गुजरातेत सप्टेंबर २०२३ पासून त्याच्या लागवडीवर बंदी आहे.

उंच रोपांचा माझा हट्ट मात्र मुळं बघून सुटला. आदल्या वर्षी दुसरीकडून आणलेले बारा फुटी दोन कदंब पहिल्याच पावसाळ्यात कलले होते. उपटले तर मुळं चकलीसारखी गोल गोल, पिशवीच्या आकारातच घट्ट बसलेली, बाहेरच्या मातीत एकही शिरलेलं नाही. इथे मालकांनी स्वतः पिशवी उभी चिरून प्रत्येक रोपाची मुळं दाखवली. एका करंजाची वळलेली निघाली, ते रोप त्यांनी मी न सांगता बाजूला ठेवलं. घेतली ती सगळी पाच फुटांच्या आतली.

खड्डे मी मे महिन्यातच तीन-तीन फुटांचे खणून उन्हात तापवले होते. जून २०२४ मध्ये त्यांच्या माणसांनी त्याच काळ्या मातीत शेणखत नि निंबोळी पेंड मिसळून रोपं लावली. बुंधा जमिनीपेक्षा दोन बोटं वर ठेवला, बांबूला सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधली आणि आळं खोडापासून लांब केलं. काम नीट, घाई नाही.

तक्रार एकच. टेम्पो दोन दिवस उशिरा, तोही अंधार पडल्यावर आला आणि एका कडुनिंबाचा शेंडा मोडलेला होता. बदलून दिला, पण तीनदा फोन करावे लागले. या गोष्टीचा मला राग आला होता आणि मी तो बोलूनही दाखवला.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोदं बुडालं तेव्हा आमच्या फाटकापाशी दोन दिवस गुडघाभर पाणी होतं. चारही करंज जगले. कडुनिंबांच्या पायाशी पाणी पोचलंच नाही.

जाणार असाल तर मे महिन्यात जा, आणि वाटेचा कागद बरोबर न्या, पाणी तुंबतं तिथे खूण करून.