६०० मिमीचा पीपी-एफआरपी स्क्रबर: घ्या, पण कॅटलॉगच्या भरवशावर नको

रिॲक्टरच्या व्हेंटमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा एचसीएल, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड वायू धुवायला एमआयडीसीतले छोटे केमिकलवाले बहुधा स्क्रबरचं, म्हणजे वायू धुणाऱ्या टॉवरचं, तयार पॅकेजच उचलतात: ६०० मिमी व्यासाचा टॉवर, आत दीड मीटर पॉल रिंग (पोकळ रिंगांचं पॅकिंग, ज्यावरून कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी उतरतं), खाली त्या पाण्याची ५०० लिटरची टाकी, पंप आणि ब्लोअर. बांधणीबद्दल फारशी तक्रार नाही. आतून पीपी (पॉलिप्रॉपिलीन), बाहेरून एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक), ॲसिडला दाद देत नाही. फक्त ८० अंशांच्या आसपास पीपी नरम पडतं, म्हणून व्हेंट गरम असेल तर आधी कंडेन्सर हवाच.

खरी गोम क्षमतेत आहे. कॅटलॉगवर ताशी ३००० घनमीटर छापलेलं दिसलं, तर स्वतः हिशोब करा. या व्यासात वायूचा वेग सेकंदाला जवळपास ३ मीटर होतो. मग पाणी खाली उतरायचं सोडून वरच अडतं, थेंब मिस्ट एलिमिनेटर (थेंब अडवणारा थर) ओलांडून चिमणीतून उडतात आणि शेजारच्या शेडचे पत्रे गंजतात. ताशी १५०० घनमीटरच्या पुढे नेऊ नका. त्याला ताशी ४ घनमीटरचा पंप पुरतो.

पाणी फवारणाऱ्या नोझलची जागा नीट बघून घ्या. बाहेरून फ्लँज उघडून काढता आलं पाहिजे. बोअरचं जड पाणी कॉस्टिकला भेटलं की चुना बसतो, नोझल बुजतं, पॅकिंगचा एक भाग कोरडा राहतो आणि वायू नेमका तिथूनच सटकतो. यू-ट्यूब मॅनोमीटर (पॅकिंगच्या खाली-वरच्या दाबातला फरक दाखवणारी नळी) मागून घ्या. आकडा चढला तर पॅकिंग चोंदलंय, उतरला तर पाणी कमी पडतंय. चुना काढायला ॲसिड फिरवता येतं, पण त्याच टाकीत क्लोरीन ओढली असेल तर अजिबात नको: कॉस्टिकमध्ये क्लोरीनचं हायपोक्लोराइट झालेलं असतं, ॲसिड लागलं की त्यातून ती परत अंगावर येते.

कॉस्टिकचं गणित सोपं. टाकीत २५ किलो कॉस्टिक फ्लेक्स म्हणजे साधारण २२ किलो एचसीएलची सोय. फ्लेक्स पाण्यात थोडे थोडे सोडा, फ्लेक्सवर पाणी ओतू नका. पीएच उतरून ८ वर आला की द्रावण बदला. नायट्रेशनच्या (नायट्रिक ॲसिड वापरणाऱ्या प्रक्रियेच्या) धुरासाठी मात्र हे घेऊच नका, त्यातला नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

चिमणी बहुतेक वेळा तोकडी येते. ३०० मिमीच्या चिमणीला सॅम्पलिंग पोर्ट (तपासणीसाठी वायूचा नमुना घ्यायचं तोंड) शेवटच्या बेंडपासून २.४ मीटर वर आणि टोकापासून किमान ६०० मिमी खाली लागतो. ऑर्डरमध्येच लिहून घ्या, शिडी आणि प्लॅटफॉर्मसकट.