हमिंग चहाघर, चेंगडू: एका वाटीवर अर्धा दिवस

सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगडूत पारंपरिक चीन पाहायचा म्हटलं की हॉटेलवाले आणि सहल कंपन्या संध्याकाळचा सिचुआन ऑपेरा पुढे करतात. क्षणात चेहरा बदलणारे नट, तोंडातून ज्वाळा, दीड तासाचा कार्यक्रम. बघण्यासारखा आहे, पण समोर बसलेले बहुतेक सगळे पाहुणेच असतात. स्वतःच्या वेळेने एकट्यादुकट्याने फिरणाऱ्यासाठी त्याहून मोलाची जागा पीपल्स पार्कमधल्या तळ्याकाठी आहे. तिचं नाव हमिंग, म्हणजे क्रौंचाची साद. 1923 पासून इथे चहा मिळतो. मेट्रोच्या 2 क्रमांकाच्या मार्गावर पीपल्स पार्क हेच स्थानक आहे आणि बागेत शिरायला तिकीट नाही.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं: चहा ठीकठाक आहे. त्याच पैशांत चांगल्या दुकानातून याहून सरस पत्ती घरी नेता येईल. इथे पैसे द्यायचे ते बांबूच्या खुर्चीचे. एकदा वाटी घेतली की खुर्ची तुमची. दोन तास बसा, पाच तास बसा, कुणी उठवत नाही. शेजारच्या टेबलावर पत्ते, पलीकडे पेन्शनर मंडळींचा वाद, कुणी तोंडावर पेपर टाकून झोपलेलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळामास्तर चांद्र वर्षाच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात इथेच जमायचे, कारण पुढच्या सत्राच्या नेमणुका याच टेबलांवर ठरायच्या. नोकरी टिकवायची ती धडपड इतकी जिवावरची की तिला ‘सहाव्या-बाराव्याची लढाई’ म्हणत.

पद्धत सोपी आहे. आधी खुर्ची पकडायची, मग चहा सांगायचा. पैसे मागणीबरोबरच द्यायचे. वाटी साधारण 20 ते 40 युआनला (युआन हे चिनी चलन) पडते, चहाचा प्रकार बघून. यादीत मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला ‘बीतान प्याओश्युए’ असेल तर पहिल्यांदा तोच घ्या: हिरव्या पाण्यावर पांढऱ्या पाकळ्या तरंगतात, आणि दूधसाखरेची सवय असलेल्या जिभेलाही तो कडू लागत नाही. ‘झूयेछिंग’ हा अमेई डोंगराकडचा हिरवा चहा. त्याच्या कळ्या पाण्यात उभ्या राहतात, म्हणून तो काचेच्या पेल्यातच शोभतो. ‘मंगदिंग गानलू’ याआनजवळच्या डोंगरावरचा, अधिक मऊ. ‘सानह्वा’ म्हणजे जुन्या चेंगडूचा रोजचा साधा सुगंधी चहा, दिसला तर जरूर मागा.

वाटी तीन भागांची असते: खाली बशी, मध्ये वाटी, वर झाकण. चिनी लोक त्यांना पृथ्वी, माणूस आणि आकाश म्हणतात. बशीला ‘चहाची होडी’ असंही नाव आहे. ही बशी शोभेची नाही, आणि नवख्यांची पहिली चूक इथेच होते. वाटी काठोकाठ भरलेली असते; तिला थेट हात घातला की बोटं भाजतात आणि चहा मांडीवर. डाव्या हाताने बशीसकट उचला, उजव्या हाताने झाकण किंचित तिरकं करून फट ठेवा आणि त्या फटीतून प्या. झाकण पानं अडवतं. प्यायच्या आधी झाकणाच्या कडेने पाणी एकदा हळू ढवळलं की खालचा गडद भाग वर येतो.

दुसरी चूक हिरव्या चहाची. झाकण घट्ट बंद ठेवलं की पानं वाफेत शिजतात, पाणी पिवळं पडतं आणि कडवटपणा येतो. झाकण थोडं सरकवून ठेवा. सोबत गरम पाण्याचा थर्मास मिळतो. पुन्हा भरताना वाटी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. एक तृतीयांश चहा उरला की भरा. याला तिथे ‘मूळ ठेवणं’ म्हणतात, आणि त्यामुळे पुढची वाटी एकदम पाणचट होत नाही. अशा तीन-चार खेपा पत्ती नीट देते. मीटरभर लांब तोटीच्या तांब्याच्या किटलीतून चहा ओततानाचे जे फोटो दिसतात, तो बहुतांशी प्रेक्षकांसाठीचा खेळ आहे. इथे त्याची वाट बघत बसू नका.

आता तक्रारी. पहिली गर्दी. चेंगडूचं आकाश वर्षातला मोठा भाग ढगाळ असतं, इतकं की सूर्य दिसला तर कुत्री भुंकतात अशी म्हण आहे. म्हणून ऊन पडलं की अख्खं शहर चहाला बाहेर येतं. उन्हाच्या रविवारी दुपारी इथे खुर्ची मिळणं अवघड. कामाच्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा. बागेत नाच, गाणी आणि व्यायामही तेव्हाच रंगात असतात. दुसरी, सिगारेटचा धूर. उघड्यावर असला तरी त्रास होणाऱ्यांनी तळ्याच्या कडेची खुर्ची धरावी. टिश्यू पेपर खिशात असू द्या, स्वच्छतागृहात असेलच असं नाही.

टेबलांमधून लोखंडी चिमटा टणटण वाजवत फिरणारे कान कोरणारे हा इथला खास प्रकार. कपाळावर दिवा, हातात कोरणं, चिमटा, पिसाची काडी आणि शेवटी कंप पावणारा धातूचा काटा. पिसाची काडी खरंच सुखाची असते. पण खुर्चीत बसण्यापूर्वीच दर बोटांवर मोजून ठरवा, कारण मध्येच ‘अजून एक प्रकार’ जोडून बिल दुप्पट करायची रीत आहे. नवीन किंवा निर्जंतुक साधनं दिसली नाहीत तर नको म्हणा. कानाच्या पडद्याला छिद्र, ताजं ऑपरेशन किंवा वाहता कान असेल तर अजिबात नको. आणि खुर्च्या दाटीने मांडल्या असतील तेव्हाही नकोच. मागून धक्का लागला तर कोरणं आत जातं. फक्त पिसाचं काम करून घेणं हा शहाणा मध्यममार्ग आहे.

पैशांची तयारी मुंबई-पुण्यातूनच करून निघा. अलीपे हे फोनवरून पैसे भरायचं चिनी ॲप उतरवून पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. भारतीय कार्डांवर परदेशातले व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. बरेच जण इथेच अडकतात. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे जास्तीचं शुल्क लावत नाही, त्यावर 3 टक्के लावतं, म्हणजे चहाची वाटी सुटते. तरी शंभरेक युआन सुटे जवळ ठेवा. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर व्हॉट्सॲप आणि गुगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

शाकाहारींना इथे सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे याहून जास्त भरवसा धरता येत नाही. बागेच्या आसपासचे प्रसिद्ध डंपलिंग डुकराच्या मांसाचे असतात. जेवायला 1 क्रमांकाच्या मेट्रोने वनशू मठात जा. तिथे शाकाहारी भोजनालय आहे आणि स्वतःचं चहाअंगणही. इतरत्र ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण सिचुआनी स्वयंपाकात डुकराची चरबी तेलासारखी वापरतात. ‘मांस नको, चरबी नको, मांसाचा रस नको’ हे चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा.

हमिंग फारच पर्यटकी वाटलं तर शहराच्या नैर्ऋत्येला शुआंगल्यू भागातलं पंगझेन गाव गाठा. तिथल्या जुन्या देवळातल्या चहाघरात मातीची जमीन आहे, भिंतींवर माओच्या काळातल्या घोषणा आहेत आणि पहाटेपासून चूल पेटलेली असते. रोजच्या म्हाताऱ्यांना वाटी एक-दोन युआनला, कॅमेरा घेऊन आलेल्यांना दहाला. तो भाव द्यावा, आणि फोटो काढण्याआधी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून परवानगी घ्यावी.

उठायचं ठरलं की झाकण उलटं करून वाटीत ठेवा, वाढपी टेबल आवरतो. थोड्या वेळासाठीच जात असाल तर झाकण खुर्चीवर ठेवा. जाणता चेंगडूकर ती खुर्ची घेत नाही. बॅग मात्र सोबत न्या.