चुकून आलेले पैसे: आपणच परत पाठवायचे का बँकेमार्फत?

दुपारची वेळ, सोलापूरच्या नवी पेठेत गिऱ्हाईक नाही, मी दुकानात बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो आणि मोबाईल वाजला. बघतो तर सेव्हिंग खात्यात १८,५०० रुपये जमा. टॉवेलचं बिल कुणाचं बाकी होतं का म्हणून वही बघितली, तर तेवढ्या रकमेचं काहीच नाही. पाच मिनिटात अनोळखी नंबरवरून फोन, हिंदीत, माणूस रडकुंडीला आलेला, "भैया गलती से आपको चला गया, अस्पताल का पैसा है." बरं, मी म्हणलं पाठवतो, तर तो म्हणतो त्याच नंबरवर नको, त्याचं लिमिट संपलंय, दुसरा नंबर देतो त्यावर टाका. तिथं मी थांबलो. ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव बाईचं दिसत होतं आणि फोनवर आवाज पुरुषाचा. विचारलं तर म्हणे बायकोचं खातं आहे. असेलही.

तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण हेच विचारून गेले की असे पैसे आले तर काय करायचं, म्हणून एकदाच सगळं टाईप करून टाकतो.

ठेवून घ्यायचे का, हा प्रश्नच नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये सरळ लिहिलंय की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो, आणि माहीत असूनही बेइमानीने वापरला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, त्यात कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, वर दंड. "बँकेची चूक आहे, मी कशाला देऊ बे" म्हणणारे आमच्या कट्ट्यावर पण आहेत, त्यांना हे कलम वाचून दाखवावं.

आणि त्याच्याही आधी, पैसे खरंच आलेत का ते बघा. मेसेजवर अजिबात जाऊ नका, मेसेज कुणीही कसाही टाईप करून पाठवतो. बँकेचं ॲप उघडून नाहीतर पासबुक भरून बॅलन्स बघायचा. आलेच नसतील तर तुम्ही "परत" पाठवाल ते तुमच्या घामाचे. अजून एक, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन पण करावा लागत नाही. कुणी सांगत असेल की पिन टाका म्हणजे व्यवहार उलटा होतो, तर फोन ठेवा.

आता पैसे खरंच आलेत असं धरू. रस्ते दोन.

पहिला, आपणच परत पाठवायचे. दोन मिनिटाचं काम, समोरचा आशीर्वाद देतो, आपल्याला पण रात्री झोप लागते. ओळखीचा माणूस असेल तर मी पण हेच करतो. चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने मागच्या दिवाळीत एकाच बिलाचे पैसे दोनदा टाकले, वर्षानुवर्षाचा व्यवहार, मी त्याच्या त्याच यूपीआय आयडीवर परत टाकले, फोन केला, संपलं. त्यासाठी बँकेत लाईन लावणं म्हणजे येडेपणाच.

पण अनोळखी असेल तर हा रस्ता मला नको वाटतो, आणि कारण भाच्याच्या मित्राचं सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे, सरळ पोरगं. त्याला असेच ६,००० आले, फोन आला, सांगितलेल्या नंबरवर पाठवून मोकळा झाला. तीन आठवड्यांनी पगार जमा झाला आणि एटीएममधून निघेना. ब्रँचमध्ये गेला तर खात्यावर होल्ड, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची तक्रार. झालं असं की ते ६,००० कुणाची तरी फसवणूक करून काढलेले. ज्याचे गेले तो १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करतो, मग पोलीस आणि बँका पैसा कुठून कुठं गेला त्या खात्याखात्यावर होल्ड लावत जातात, आणि मधल्या कडीत हा. त्यात याने पैसा पुढे तिसऱ्याच खात्यात सरकवलेला, म्हणजे कागदावर बघणाऱ्याला हा चोराचा हमालच दिसणार. पोरगं निर्दोष, पण ते सिद्ध करायला मेल, अर्ज, स्टेटमेंट, सुट्ट्या, आणि तोवर घरभाडं उसनं.

मग पैसे ज्या आयडीवरून आले त्याच आयडीवर परत टाकले तर? त्यापेक्षा बरं, पण शंभर टक्के नाही. एक तर तो आयडी पण चोरांच्याच साखळीतला असू शकतो. दुसरं म्हणजे खरंच चूक झालेल्या माणसाने घाबरून आधीच आपल्या बँकेत तक्रार टाकलेली असते, तुम्ही इकडून पाठवता, तिकडून बँकेचा कागद येतो, तुम्ही न बघता सही करता आणि पैसे दोनदा जातात. मग तुम्हीच त्याला फोन करत बसा.

दुसरा रस्ता बँकेचा, मी हाच धरला. खोटं कशाला बोलू, कंटाळवाणा आहे. पहिल्या दिवशी काऊंटरवरची मॅडम म्हणाली, "पैसे आलेत ना काका, गेले तर नाहीत ना, मग अर्ज कशाला?" मी म्हणलं, लिहून घ्या. कोऱ्या कागदावर ब्रँच मॅनेजरच्या नावाने अर्ज लिहिला: माझा खाते नंबर, कधी, किती, यूपीआयचा बारा आकडी रेफरन्स नंबर, ही रक्कम माझी नाही, ओळखीच्या कुणाची नाही, ज्याची आहे त्याला बँकेमार्फत परत करायला माझी हरकत नाही, आणि कुठल्या नंबरवरून कधी फोन आला ते. झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसकट पोच घेतली. सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे ती पोच. उद्या होल्ड लागला, पोलिसांचा फोन आला, तर तुम्ही पहिल्याच दिवशी कळवलं होतं हे त्याच कागदावर आहे. मॅडम पोच द्यायला नाही म्हणाली तर बँकेच्या अधिकृत मेलवर तोच मजकूर टाकायचा, आपोआप तारीख पडते.

फोनवाल्याला मी एवढंच सांगितलं की तुझ्या बँकेत तक्रार कर, माझी बँक पैसे सोडेल. खरा माणूस यावर चिडतो पण जातो. ह्याने शिव्या घातल्या, पोलिसात देतो म्हणला. मी म्हणलं दे, मला बरंच होईल. परत फोन नाही.

या रस्त्यात वेळ का लागतो, तर दुसऱ्या गिऱ्हाईकाने चुकीचा नंबर टाकून पाठवलेला पैसा बँक आपल्याला न विचारता सहसा काढत नाही, पाठवणाऱ्याची बँक आपल्या बँकेला लिहिते, ती आपली संमती मागते, मग जातो. बँकेच्याच चुकीने जमा झाला असेल तर ती स्वतःच एंट्री उलटी करते, तिथं फार काही करायचं नसतं. माझे १८,५०० अकराव्या दिवशी गेले, एका कागदावर सही घेतली, पाठवणाऱ्याबद्दल काही सांगितलं नाही. बँकेने तीस दिवसात काहीच उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते.

तोवर त्या पैशाला हात लावायचा नाही हे सगळे सांगतात, पण गोची कुठं होते तर हप्त्यात. माझा गाडीचा ईएमआय पाच तारखेला त्याच खात्यातून कटतो, माझे स्वतःचे शिल्लक होते जेमतेम दोन हजार, म्हणजे हप्ता त्या माणसाच्या पैशातून गेला असता. चार तारखेला रात्री आठवलं, गल्ल्यातली कॅश सकाळी भरली तेव्हा जमलं.

पैसा नाही, खातंच अनोळखी निघतं, तो प्रकार वेगळा. आमच्या आत्याचे लाडकी बहीणचे १,५०० मंजूर दाखवत होते पण पासबुकात येईनात. *९९*९९*१# डायल करून आधार टाकला तर आधार भलत्याच बँकेला जोडलेलं निघालं, कधीतरी कुणीतरी अंगठा घेऊन उघडलेलं खातं, आत्याला पत्ताच नाही. इथं दोन मतं पडली. भाऊ म्हणाला आधी ते खातं बंद करू. मी म्हणलं बंद केलं तर त्यातले पैसे अडकतील, आधी आपल्या नेहमीच्या बँकेत आधार जोडायचा फॉर्म भरू, कारण सरकारी पैसा शेवटी जिथं आधार जोडलं तिथं जातो, मग त्या खात्यातले आधीचे काढू, स्टेटमेंट घेऊ आणि मग बंद करू. तसंच केलं. आधीचे तीन हप्ते तिथंच पडलेले होते. आत्या म्हणाली, "कुणी चोरले म्हणून मी सरपंचाला शिव्या घालालते की रे."