‘काकू, डायलिसिसचं सिंगापूरला सेट आहे’

डायलिसिसवरच्या पेशंटला परदेशात फिरवून आणतो, असं सांगणाऱ्या नागपुरातल्या एका एजंटाने आमचे दोन लाख तीन हजार रुपये बुडवले. पैशांचं दुःख आहेच. पण त्याने दिलेले कागद घेऊन मी खरोखर विमानात बसले असते, तर हे लिहायला राहिले असते की नाही, सांगता येत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नाव देत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण हा माणूस डायलिसिस सेंटरच्या वेटिंगमध्येच गिऱ्हाईक शोधतो.

माझं थोडं आधी सांगावं लागेल. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास मशीनवर, डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी. पाणी, चहा, ताक, वरण सगळं धरून दिवसाला साधारण लिटरभर, आणि ते नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. पोटॅशियममुळे संत्रं बंद. हिवाळ्यात अख्खं शहर संत्र्यांच्या ढिगांनी भरतं आणि आपण तोंड फिरवून पुढे जायचं, हे काय असतं ते डायलिसिसवाल्या नागपूरकरालाच विचारा. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी इथल्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीत नाव आहे.

२०२४ च्या दिवाळीत नातवाला सिंगापूर दाखवायचं मुलाने ठरवलं. सूनबाई म्हणाल्या, “आई येणार नसतील तर आपण पण नको.” बोलल्या मनापासून. पण आजारी माणसाला अशा वाक्याचं फार ओझं होतं. आपल्यामुळे पोराची सुट्टी जाते, यांचं फिरणं तर केव्हाचंच थांबलंय, असं आत कुठेतरी टोचत राहतं. मग कोणी म्हणालं की तुम्हाला नेता येतं, तर तो माणूस देव वाटतो. हा एजंट नेमका यावरच जगतो. “घरचे तुमच्याशिवाय एन्जॉय करू शकतील का, काकू?” हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

आमच्या सेंटरबाहेर तो कार्डं ठेवून जायचा. नातेवाइकांशेजारी बसायचा, पेशंटची विचारपूस करायचा. ऑफिस बर्डीवर, एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर परदेशी हॉस्पिटलांचे फोटो. पाच जणांचं पॅकेज त्याने चार लाख साठ हजारांत सांगितलं. तिकिटं, हॉटेल, व्हिसा, विमा, व्हीलचेअर, सगळं त्यात. सिंगापुरातल्या दोन डायलिसिसचं डिपॉझिट वेगळं, सत्तर हजार. रविवारी निघून पुढच्या रविवारी परत, म्हणजे तीन डायलिसिस मध्ये येत होती. दोनच का, असं यांनी विचारलं.

“शनिवारचं तुम्ही परत आल्यावर करा ना जी. एक इकडचं तिकडं झालं तर काही होत नाही. काकू, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आपलं तिकडं सेट आहे. आपण पेशंट पाठवूनच राहिलो.”

रविवारी आमचं सेंटर बंद असतं. म्हणजे गुरुवारनंतर थेट सोमवार. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन डायलिसिसमधला खंड लांबला की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरलं की धाप लागते, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस तडकाफडकी जाऊ शकतो. शनिवार ते मंगळवार हा नेहमीचा खंडसुद्धा डॉक्टरांना नको असतो. तरी हा माणूस ‘काही होत नाही’ म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर ऐकायला ते गोड वाटत होतं.

सप्टेंबरात मुलाने दोन लाख रुपये ॲडव्हान्स दिला. डायलिसिसचे सत्तर हजार यूपीआयने गेले. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं. “वहिनीचं आहे, कंपनीच्या खात्याला लिमिट लागली,” असं उत्तर मिळालं. टीसीएसचे, म्हणजे परदेशी टूरवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचे, तेवीस हजार रोख मागितले. पावतीवर नुसता रबरी शिक्का. पाचही पासपोर्ट त्याने व्हिसासाठी ठेवून घेतले.

आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर कागद आले. सिंगापूरच्या डायलिसिस सेंटरचं लेटरहेडवरचं कन्फर्मेशन, विमा पॉलिसी, तिकिटं आणि माझं फिट टू फ्लाय, म्हणजे विमानप्रवास झेपेल असं, सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटवर सही असलेल्या डॉक्टरांचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी मात्र माझा बीपी १२०/८० मोजला होता. इतका सुंदर बीपी मला कित्येक वर्षांत आलेला नाही.

हे सगळं उघडं पाडलं ते आमच्या सेंटरच्या टेक्निशियनने. सुया टोचता टोचता त्याने सहज विचारलं, “मॅडम, तिकडच्यांनी रिपोर्ट कोणते मागितले?” मी म्हटलं, काहीच नाही. तो थांबलाच. “हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही काहीच नाही? मग ते तुम्हाला मशीनवर घेतील कसे?”

त्याचं म्हणणं साधं होतं. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटला वेगळं मशीन ठेवावं लागतं, त्यामुळे कोणतंही बरं सेंटर ताजे रिपोर्ट पाहिल्याशिवाय बाहेरच्या पेशंटला हात लावत नाही. शिवाय ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, किती, डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा फिल्टर, कोणता, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किती, फिस्टुला की कॅथेटरची नळी, मागच्या काही डायलिसिसच्या नोंदी, हे सगळं त्यांना आधी हवं असतं. आमच्या एजंटाला माझं वजनसुद्धा माहीत नव्हतं.

मुलाने त्या सेंटरची स्वतःची वेबसाइट शोधली. लेटरहेडवरचा ईमेल सोडून वेबसाइटवरच्या पत्त्यावर लिहिलं आणि ते पत्र जोडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या नावाचं बुकिंग नाही, हे पत्र आमचं नाही. पर्यटक पेशंट आम्ही जागा असेल तर घेतो, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आणि रिपोर्ट आमच्या डॉक्टरांनी तपासल्यावरच, आणि पैसे थेट आम्हालाच भरायचे.

मग एकेक कागद तपासायला घेतला.

तिकिटांवर सहा अक्षरी पीएनआर होता आणि विमान कंपनीच्या साइटवर टाकला की आमची नावंही दिसत होती. पण तिकीट नंबर नव्हता. पीएनआर म्हणजे नुसती जागा धरून ठेवल्याची नोंद, ती पैसे न भरताही काही काळ राहते. पैसे भरून तिकीट निघालं की तेरा आकडी नंबर मिळतो. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, जसे एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. आमच्या कागदावर तेरा आकडी काहीच नव्हतं, आणि चारेक दिवसांनी तो पीएनआरही उघडेना.

बिलात ‘व्हीलचेअर चार्ज’ तीन हजार होता. चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला विमान कंपन्या व्हीलचेअर फुकट देतात, तिकीट काढताना सांगावं लागतं एवढंच. ‘अरायव्हल कार्ड फी’ माणशी आठशे. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड तिथल्या आयसीए या सरकारी इमिग्रेशन खात्याच्या साइटवर पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आपलं आपण भरायचं असतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. या रकमा लहान आहेत, पण माणूस कळायला पुरेशा आहेत.

टीसीएसची गंमत मला बँकेत नोकरी केल्यामुळे लवकर लक्षात आली. तेव्हा परदेशी टूर पॅकेजवर सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस होता, म्हणजे हिशेब त्याने बरोबर केला होता. पण टीसीएस कापला की तो पैसे देणाऱ्याच्या पॅनवर जमा व्हावा लागतो आणि २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या त्याच्या कर-नोंदीत, दिसतो. याने मुलाचा पॅन मागितलाच नव्हता. नोव्हेंबर उजाडला तरी २६एएस कोरा. सरकारच्या नावाने घेतलेले तेवीस हजार त्याच्याच खिशात गेले होते.

सगळ्यात भयंकर कागद मात्र खरा निघाला. विमा पॉलिसी अस्सल होती, कंपनीने नंबरही खरा असल्याचं सांगितलं. आतल्या पानावर प्रश्न होता: आधीपासूनचा काही आजार आहे का? उत्तर, ‘नाही’. डायलिसिसवरच्या बाईच्या नावापुढे ‘नाही’. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण शोधावं लागत नाही, ते आपणच लिहून दिलेलं असतं. आणि ठरलेल्या डायलिसिसचा खर्च प्रवास विमा सहसा देतच नाही, आजार सांगितला तरीसुद्धा. म्हणजे मंगळवारी मी सिंगापुरात नसलेल्या बुकिंगच्या दारात उभी राहिले असते. मग उरलं असतं एखाद्या हॉस्पिटलचं इमर्जन्सी. तिथे परदेशी माणसाला सरकारी सवलत मिळत नाही, पूर्ण बिल भरावं लागतं, आणि हातात ही पॉलिसी. बनावट पत्र निदान पकडता येतं. खऱ्या पॉलिसीतलं खोटं उत्तर नातेवाइकांना थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं.

डॉक्टरांशी मी त्यानंतर सविस्तर बोलले. ते जाऊ नका म्हणाले नाहीत. “मशीन कुठे, कोण लावणार, हे त्या सेंटरकडून माझ्या ईमेलवर येऊ द्या, मग मी सही करतो,” एवढंच म्हणाले. आणि एक गोष्ट विचारली, जी एजंटाच्या गावीही नव्हती: यादीतल्या नावाचं काय? किडनी उपलब्ध झाली की यादीतल्या पेशंटला फोन येतो आणि काही तासांत हॉस्पिटलला पोहोचायचं असतं. त्या वेळी मी सिंगापुरात असले तर किडनी पुढच्या माणसाला जाणार. बाहेर जायचं असेल तर समन्वयकाला आधी कळवून जायचं. त्या आठवड्यात फोन येण्याची शक्यता किती, कोणीच सांगू शकत नाही. मी त्या रात्री यांना म्हटलं, मला हा जुगार नको. सूनबाई थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “आई, आधीच बोलायचं ना.” माझं जाणं तिथेच थांबलं. बाकीच्यांचंही त्या दिवाळीत झालं नाही, कारण पैसेच अडकले होते.

एजंटाकडे पैसे मागितल्यावर आधी गोड, मग ‘एअरलाइनने कापले’, मग फोन बंद. पासपोर्ट हवे असतील तर ‘काही देणं नाही’ अशा कागदावर सही करा, म्हणाला. इथे कुणी घाबरू नये. पासपोर्ट कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, एजंटाला तो अडकवून ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लिहिलं आणि पासपोर्टचा वेगळा उल्लेख केला. पासपोर्ट संध्याकाळपर्यंत आले. पैशांपैकी नव्वद हजार त्याने परत केले, तेही आम्ही ‘सेटलमेंट’ शब्द न लिहिता बँकेत घेतले.

बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर आधी तक्रार नोंदवली, तिचा उपयोग पुरावा म्हणून झाला. आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. तारखा पडतात, ते खरं आहे. व्हॉट्सॲपचं अख्खं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, स्क्रीनशॉटच्या तुकड्यांवर समोरचा वकील बोट ठेवतो.

आमच्याच सेंटरमधले एक काका मुलीकडे दुबईला जाऊन आले, डायलिसिस करत. त्यांनी एजंट लावलाच नाही. मुलीने तिथल्या हॉस्पिटलशी स्वतः बोलून घेतलं, इथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट त्यांना पाठवले, पैसे हॉस्पिटललाच भरले, आणि डायलिसिस कोणत्या वारी हे लेखी आल्यावर मग तिकिटं काढली. हिमोग्लोबिनची इंजेक्शनं आइसपॅकमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत नेली. तिकडे पेढ्यांपेक्षा जास्त त्यांनी डायलिसिसच्या फायली नेल्या, असं त्यांची बायको सांगते.

आमच्या सेंटरने ती कार्डं उचलून फेकली. मागच्या महिन्यात रामदासपेठेतल्या दुसऱ्या एका सेंटरच्या वेटिंगमध्ये तसंच कार्ड दिसलं, कंपनीचं नाव वेगळं, मोबाइल नंबर तोच. तिथे बसलेल्या दोघींना मी हे सगळं सांगितलं. एकीने ॲडव्हान्स देऊन ठेवला होता. तिला मी तेरा आकडी तिकीट नंबर मागायला सांगितलं आहे.