ऑटोमॅटिक एसयूव्हीचं गिअरबॉक्स ऑइल: घरी बदलायचं की वर्कशॉपमध्ये, आणि कोणत्या पद्धतीने?

इंजिन ऑइल घरी बदलणाऱ्याला पुढचा प्रश्न हमखास पडतो: गिअरबॉक्सचं ऑइलही असंच खालून सोडून वरून भरता येईल का? एसयूव्ही असेल तर मोह जास्तच होतो, कारण गाडीखाली हात जायला जागा असते. उत्तर गाडीगणिक बदलतं. ते ठरवताना बहुतेकजण चुकीच्या गोष्टीकडे बघतात, असं माझं मत आहे. जुनं तेल काढणं सोपं असतं. अवघड असतं नव्या तेलाची पातळी अचूक बसवणं. तुमच्या गिअरबॉक्सची पातळी घरच्या घरी खात्रीने मोजता येते का, यावरच सगळा निर्णय उभा राहतो.

इंजिनात अर्धा लिटर तेल कमी पडलं तरी गाडी बहुधा निभावून नेते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तसा नाही. त्यातलं तेल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), फक्त वंगण नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची शक्ती तेच पुढे नेतं, तेलाची वाट ठरवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतून आतल्या क्लचवर दाब तेच देतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. पातळी कमी झाली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. पातळी जास्त झाली तर फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि पुन्हा दाब पडतो. चूक कुठल्याही बाजूला झाली तरी नुकसान क्लचचंच.

आधी गिअरबॉक्स ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टरचा पारंपरिक गिअरबॉक्स, सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) आणि एएमटी (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल). एएमटीत आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, तेलही मॅन्युअलचंच. क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती हायड्रॉलिक असेल तर तिचं तेल वेगळं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली यांची पकड तेलाच्या गुणधर्मावर अवलंबून असते, त्यामुळे तिथे साधं एटीएफ टाकणं म्हणजे गिअरबॉक्स मारणं. ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, ड्युअल क्लचचं तेलही निराळं. इथून पुढे मी टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल बोलतोय, कारण घरी बदल करायला त्यातल्या त्यात तोच बरा.

तेलाच्या डब्यावरचं स्पेसिफिकेशन ओनर मॅन्युअलशी अक्षरशः जुळलं पाहिजे. टोयोटा डब्ल्यूएस, डेक्सरॉन सिक्स, मर्कॉन यूएलव्ही, ह्युंदाई-कियाचं एसपी-फोर, झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचं लाइफगार्ड एट ही एकमेकांची पर्यायी नावं नव्हेत. यांचा दाटपणाच वेगळा आहे: १०० अंश सेल्सिअसला जुन्या डेक्सरॉन थ्रीची व्हिस्कॉसिटी साधारण ७.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक), डेक्सरॉन सिक्सची ६ च्या आसपास, तर यूएलव्ही, म्हणजे अतिपातळ, प्रकारातल्या तेलांची ४.५ च्या जवळपास. शिवाय प्रत्येकातले घर्षण-नियंत्रक, म्हणजे क्लचची पकड ठरवणारी रसायनं, वेगळे. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं तेल मी तरी टाकणार नाही.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा) आणि डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा) यांची तेलं स्वतंत्र असतात आणि त्यांचे प्लगही गिअरबॉक्सच्या जवळपासच दिसतात. चुकीचा प्लग उघडणं सहज घडतं. गाडीखाली जाण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र बघून ठेवा.

घरी करण्याच्या तीन पद्धती

पहिली ड्रेन अँड फिल. खालचा प्लग काढायचा, निघेल तेवढं तेल काढायचं, तेवढंच नवं भरायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सगळं तेल पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तसराळ्यात, नसतंच. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टर, क्लच पॅक आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकलेलं असतं. एका वेळी साधारण ३० ते ५० टक्केच बाहेर येतं. समजा एकूण तेल ९ लिटर आहे आणि ३.६ लिटर निघतं, म्हणजे ४० टक्के. एकदा केल्यावर ४० टक्के नवं, मध्ये काहीशे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा केलं की ६४, तिसऱ्यांदा ७८. म्हणजे जवळपास ११ लिटर तेल ओतूनही पाचवा हिस्सा जुनाच राहतो. कागदावर हे उधळपट्टीचं वाटतं. तरीही घरच्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत पटते, कारण इथे चूक करायला जागा कमी आहे. पंप कोरडा चालण्याचा धोका नाही, फक्त प्लग उघडायचा आणि वॉशर नवा घालायचा.

मापनाची अडचणही इथे सुटते. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना तेल काढलं, मोजलं आणि त्याच तापमानाचं तेवढंच नवं भरलं, तर पातळी जिथे होती तिथेच येते. अट इतकीच की आधीची पातळी बरोबर होती आणि कुठे गळती नव्हती. गरम तेल काढून लगेच मोजू नका. ६० अंशांच्या फरकाने तेल चार-पाच टक्के फुगतं, म्हणजे ४ लिटरला २०० मिलिलिटरच्या आसपास चूक. काढलेलं तेल थंड होऊ द्या, मग मोजा.

दुसरी पद्धत पॅन उतरवून फिल्टर बदलण्याची. तेल ड्रेनइतकंच किंवा थोडं जास्त निघतं. फायदा वेगळाच आहे. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतात आणि ते तुमच्या गिअरबॉक्सची तब्येत सांगतात. त्यांवर करडा, बारीक, चिखलासारखा थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे किंवा कपच्या सापडल्या तर आत काहीतरी तुटतंय आणि नव्या तेलाने ते जुळणार नाही. ही माहिती ड्रेन प्लगमधून इतकी स्पष्ट मिळत नाही. मात्र कष्ट वाढतात: गॅस्केटची, म्हणजे गळती रोखणाऱ्या पट्टीची, जागा खरवडून साफ करायची, बोल्ट क्रमाने आणि मोजून आवळायचे. हे छोटे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर बसतात आणि अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे निघतात. टॉर्क रेंच नसेल तर पॅनला हात लावू नका. झेडएफच्या आठ-गिअर बॉक्समध्ये फिल्टर बहुधा प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणजे पूर्ण पॅनच नवा घ्यावा लागतो.

तिसरी, कूलर लाईनमधून पूर्ण बदल. कूलरहून परत येणारी नळी सोडवून तिचं टोक मापाच्या डब्यात धरायचं, इंजिन चालू करायचं, एक लिटर आलं की बंद, एक लिटर नवं भरायचं, पुन्हा चालू. लालभडक स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. १०-१२ लिटरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त तेल बदलतं, म्हणजे तेलाच्या हिशेबात ही सर्वांत किफायतशीर. पण एक माणूस स्टार्ट बटणाशी आणि एक डब्याशी लागतो, आणि त्या दोघांचं पक्कं जुळायला हवं. तेल काही सेकंदांत लिटरभर येऊन जातं. थांबवायला उशीर झाला तर पंप कोरडा पडतो. बऱ्याच नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट असल्याने तेल तापेपर्यंत नळीतून धार येतच नाही, आणि काहींत बाहेरच्या नळ्याच नसतात, कूलर थेट गिअरबॉक्सला चिकटलेला असतो. घरी पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी ही पद्धत सुचवणार नाही.

डिपस्टिक आहे की नाही?

गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, असेल तर घरी करण्याच्या बाजूने कौल देताना मला फारसा विचार करावा लागत नाही. भरा, गाडी चालवून तापवा, सपाट जागी उभी करून वाचा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून वाचायचं असतं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर मिनिटभराने. नियम मॅन्युअलमधूनच घ्या.

डिपस्टिक नसेल, म्हणजे आजच्या बहुतेक एसयूव्हींत, पातळीसाठी ओव्हरफ्लो प्लग, म्हणजे जादा तेल बाहेर सोडणारा प्लग, असतो. तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर लिव्हर सगळ्या जागांतून फिरवून झाल्यावर तो उघडायचा. धार येऊन थेंबांवर आली की प्लग बंद. तापमानाची ही खिडकी अनेक गाड्यांत ३५ ते ५० अंशांच्या आसपास आणि काहींत जेमतेम सहा-सात अंशांची असते. थंड असताना मापलं तर तेल प्रत्यक्षात जास्त भरलं जातं, जास्त गरम असताना मापलं तर कमी.

आता हे घरी करून पाहायचं म्हणजे काय, याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गाडी चारही बाजूंनी सारखीच उचललेली हवी. पुढून उचलून मागून जमिनीवर असेल तर पातळी खोटी येते. दोन टनांच्या आसपासची, उंच गुरुत्वमध्याची गाडी चार जॅक स्टँडवर, इंजिन चालू, कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून गिअर बदलतंय, आणि तुम्ही खाली तापलेल्या एक्झॉस्टशेजारी. जमीन काँक्रीटची आणि सपाट नसेल, स्टँड गाडीच्या वजनाला पुरेसे नसतील, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर) तेलाचं तापमान दिसत नसेल, तर यातलं काहीही करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका. काही एसयूव्हींचा ग्राउंड क्लिअरन्स इतका असतो की गाडी न उचलता, चारही चाकं जमिनीवर ठेवून हे काम होतं. तसं असेल तर घरच्या कामातली मोठी जोखीम तिथेच संपते आणि माझं मत बदलतं.

वर्कशॉपकडे काय जास्त मिळतं?

लिफ्ट, सपाट उचललेली गाडी, तापमान दाखवणारा स्कॅनर आणि गरज पडल्यास अडॅप्टेशन रीसेट, म्हणजे गिअर बदलण्याबद्दल संगणकाने शिकलेलं पुसणं. शेवटचं काही गिअरबॉक्सना तेल बदलल्यावर लागतं आणि साध्या घरगुती स्कॅनरने ते होत नाही. तेल बदलण्याचं मशीनही तिथे असतं. त्याबद्दल घाबरवणारं बरंच बोललं जातं, पण नुसतं जुनं तेल बाहेर आणि तेवढंच नवं आत करणारं मशीन धोक्याचं नसतं. नको म्हणायचं ते आत रासायनिक क्लीनर ओतून धुणाऱ्या फ्लशला. काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणतं स्पेसिफिकेशन टाकणार, पातळी कोणत्या तापमानाला बघणार, फिल्टर बदलणार का. दुसऱ्या प्रश्नाला ‘अंदाज असतो आम्हाला’ असं उत्तर आलं तर तिथून निघा. काळजीने घरी केलेलं काम अशा ठिकाणच्या कामापेक्षा चांगलं होतं.

गाडी वॉरंटीत असेल तर मी वर्कशॉपच निवडेन, नोंदीसाठी.

तेल बदलायचं तरी कधी?

‘लाइफटाइम फिल’, म्हणजे तेल कधीच बदलायला नको, या शब्दांवर विसंबू नका. बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, रेंज रोव्हर, जीप ग्रँड चेरोकी अशा गाड्यांत झेडएफचे किंवा झेडएफच्या रचनेचे गिअरबॉक्स बसतात, आणि खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं असा बदलाचा काळ सुचवत आली आहे. ट्रेलर ओढणं, डोंगरातले चढ, वाळू, सततची कोंडी यांत तेल जास्त तापतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. अशा वापरात अंतर कमी करा.

गिअर घसरतोय, डी टाकल्यावर गाडी उशिरा ओढतेय, अशी लक्षणं असतील तर मात्र तेल बदलणं हा उपाय समजू नका. आधी तपासणी करून घ्या. लॉक-अपच्या वेळी, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच घट्ट जोडला जाताना, येणारी बारीक थरथर नव्या तेलाने कधीकधी जाते, घसरणारा क्लच नाही. आणि तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय. तिथे ड्रेन अँड फिलचा उपयोग नाही, गाडी चालवूही नका, टो करून न्या.

घरी करायचं ठरलंच तर

आधी भरण्याचा प्लग उघडा, मग सोडण्याचा. वरचा गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल रिकामं झालं, तर गाडी जागेवरून हलणार नाही. आपल्या ज्ञानाची किंवा ताकदीची परीक्षा घ्यायची तर ती तेल आत असतानाच घ्या. काढलेलं तेल झाकणबंद डब्यात, कूलंटमध्ये न मिसळता, वापरलेलं तेल स्वीकारणाऱ्या केंद्राला द्या. पहिल्या फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर उभी करा आणि सकाळी त्यावर थेंब आहे का बघा. असेल तर प्लगचा वॉशर आणि पॅनची कड, याच क्रमाने तपासा.