हवामान : आल्हाददायक

ज्या सहल कंपनीबद्दल लिहितोय तिचं नाव देत नाही. मालक आमच्याच सोसायटीत राहतो आणि वार्षिक सभेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. तक्रार त्याच्या तोंडावर करून झाली आहे. हे लिहितोय ते दिवाळीत व्हिएतनाम-कंबोडियाला निघालेल्या बाकीच्या पुणेकरांसाठी.

आधी माझी ओळख, म्हणजे माझा खवचटपणा कुठून येतो ते कळेल. मी ३३ वर्षं पुण्याच्या वेधशाळेत नोकरी केली. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून शिवाजीनगरला आलं, म्हणून जुने लोक त्या इमारतीला अजून शिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. मी शास्त्रज्ञ वगैरे नव्हतो, ठिकठिकाणहून येणारे पावसाचे आकडे तपासून चढवणारा माणूस. लग्नकार्यात लोक मला विचारतात, "उद्या पाऊस आहे ना? मग छत्री घरीच ठेवतो." सवय झाली आहे.

तर आम्ही चौघं. साडूभाऊ बँकेत, त्यांना सलग रजा मिळते ती दिवाळीला जोडूनच. मेव्हणीला देवळं बघायची होती. बायकोला निसर्ग हवा होता, पण चढ नको. मला धड हवामान हवं होतं, ज्याला बाकी तिघं अट मानतच नव्हते.

कंपनीचं ऑफिस पेठेतल्या एका वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत आहे. तिथला मुलगा गुणी. दोन तास बसवलं, कंटाळला नाही, चहा विचारला आणि तो खरोखर आला. भिंतीवरच्या टीव्हीवर एकेक देश लावत गेला. बाली मी खोडलं, कारण तिथे कोरडा काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, नोव्हेंबरात पाऊस सुरू व्हायला लागतो. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस, आणि आपली दिवाळी बरोबर त्या दोघांच्या मधल्या काळात येते. तेव्हा बेटावर सगळीकडेच संध्याकाळी धो धो. जपानचा आकडा ऐकून साडूभाऊंनी पाणी मागितलं. भूतान मला मनापासून हवं होतं. त्या दिवसांत तिथे आकाश स्वच्छ असतं, भारतीयांना व्हिसा नाही, परवाना आणि माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क एवढंच. पण तक्तसांगचा मठ ३,१०० मीटरच्या वर, आणि बायकोचे गुडघे सिंहगडाला गाडीनं जातात.

मग व्हिएतनाम आणि कंबोडिया. दहा दिवस, माणशी १ लाख ३८ हजार, कर वेगळे. हनोई, हालाँग बे, दनांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी, शेवटी सिएम रीप. पीडीएफच्या खालच्या कोपऱ्यात सूर्याचं चित्र आणि शब्द : "हवामान : आल्हाददायक."

मी त्या मुलाला विचारलं, "दनांगला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काय असतं माहिती आहे का?"

"काका, तिकडे तेव्हा मस्त असतं. सीझनच आहे."

सीझन हनोईचा असतो. व्हिएतनाम हा उभा, चिंचोळा देश, उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर. त्याला एकच हवामान आहे म्हणणं म्हणजे श्रीनगर आणि चेन्नईला एकच स्वेटर शिवणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेला हवा कोरडी, गार, सुरेख. दक्षिणेला पाऊस मागे हटत असतो. आणि मधल्या पट्टीत, म्हणजे हुए, दनांग, होई आन या भागात, तेव्हाच पावसाळ्याचा कळस. ईशान्येचे वारे समुद्रावरून ओलावा घेऊन येतात आणि मागच्या डोंगररांगेवर आदळतात. चेन्नईला दिवाळीत पाऊस येतो तो याच वाऱ्यांचा, आणि डोंगराचा हिशोब आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त दिशा उलटी. त्यात तिकडची वादळंही याच दिवसांत किनाऱ्याला येतात. दनांगला एकट्या ऑक्टोबरात सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याला वर्षभरात सातशेच्या थोडा वर.

हे सगळं मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्यानं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, "काका, ग्रुप डिपार्चर आहे, रूट फिक्स असतो." साडूभाऊंनी चेक काढला.

भाऊबिजेच्या रात्री ट्रॅव्हलरनं मुंबई विमानतळ, पहाटेचं विमान. हनोई जसं सांगितलं तसंच निघालं, २४-२५ अंश, अंगात हलका स्वेटर, रस्त्यावर लाखभर स्कूटर. पुण्याच्या माणसाला तिथला रस्ता ओलांडताना घरच्यासारखं वाटतं, फक्त तिकडे हॉर्न मारून आईबाप काढत नाहीत. साहित्य मंदिर म्हणजे व्हान म्येव, ते १०७० सालचं. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजदरबारी परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरली आहेत. माझ्या शाळेच्या जिन्यात शंकरशेठ शिष्यवृत्तीवाल्यांचा लाकडी फळा होता. त्यावर माझं नाव नाही म्हणून वडील दर पालकसभेला त्याच्यासमोर थांबायचे. इथे कासव पाहिल्यावर तेच आठवलं. गाइडनं या जागेला २० मिनिटं दिली. त्याआधी रेशमाच्या दुकानाला ५०.

हालाँग बेबद्दल थोडक्यात. चुनखडीचे दीड-दोन हजार सुळके पाण्यातून वर आलेले, फोटोत दिसतं त्याहून चांगलं. कंपनीनं "क्रूझ" म्हणून विकलं ते चार तासांचं जेवण होतं. बोटीवर एक रात्र राहणाऱ्या सहली मिळतात, जाणार असाल तर तीच घ्या.

मग दनांग. विमान उतरलं तेव्हा खिडकीतून पंखसुद्धा दिसत नव्हता. पुढचे दोन दिवस हॉटेलच्या लॉबीत ३६ मराठी माणसं, चकल्या आणि पत्ते. टूर मॅनेजर पोरगा सोन्यासारखा. त्यानं भेंड्या लावल्या, आजींना गरम पाण्याच्या पिशव्या मिळवून दिल्या, कुठून तरी आलं आणून चहा करवला. त्याला पाचपैकी पाच. पण "मी सन" नावाच्या जुन्या देवळांच्या जागेची सहल रद्द झाली. ज्या एका जागेसाठी मी गप्प बसून सही केली होती, तीच ही. इथल्या जुन्या चंपा राज्यातल्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकातल्या भद्रवर्म्यापासूनची परंपरा. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबनी बराच भाग उडवला. अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्ती करत होती आणि २०२० मध्ये त्या कामात अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. त्या बदल्यात आम्हाला संगमरवराच्या कारखान्यात नेलं. तीन टनांचा सिंह, घरपोच पाठवू म्हणाले.

बायको आणि मी गटातून निसटलो आणि टॅक्सी करून चाम शिल्पांच्या संग्रहालयात गेलो. १९१९ पासून आहे, छपराखाली आहे आणि पीडीएफमध्ये नाही. तिथे "मी सन"हून आणलेला उभा गणपती आहे. आपल्याला बसलेला पाहायची सवय. हा उभा, भरदार, एखादा पाहुणा दारात येऊन थांबावा तसा. बायकोनं चपला काढल्या. पहारेकरी काहीतरी बोलायला पुढे आला आणि तिचे जोडलेले हात बघून मागे सरला. तिकिटाला किती पडले ते आठवत नाही. डाँगमध्ये सगळंच हजारांत असतं, एका रुपयाला तीनशे धरून साडूभाऊ मोबाइलवर गुणाकार करत असत आणि मी भागाकार.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि होई आनला नेलं. खरं सांगायचं तर कंपनीनं न ठरवता दिलेली ही सर्वांत चांगली गोष्ट. नदीकाठच्या गल्ल्यांत बायामाणसं पाइप आणि खराटे घेऊन चिखल लोटत होती, कोणी रडत नव्हतं, एक म्हातारी पायरीवर बसून कंदील पुसत होती. जुनी लाकडी व्यापारी घरं आहेत तिथे. एका घरात माळ्याला चौकोनी झडप होती. पूर आला की दोर-कप्पीनं माल वर ओढायचा. भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा. १९६४ ची खूण माझ्या डोक्याच्या वर होती. शनिवार पेठेत माझं आजोळ होतं, तिथे जिन्याच्या भिंतीवर अशीच एक रेघ होती, १२ जुलै १९६१, पानशेत. आजी त्या रेघेला हात लावून सांगायची, इथपर्यंत. त्या घरातल्या बाईंनी अगदी तसाच हात लावून दाखवला. फरक एवढाच, की आमची रेघ एका धरणाची, एका दिवसाची. त्यांना दर दोन-चार वर्षांनी झडप उघडावी लागते.

संध्याकाळी कंदील लागले. मेव्हणी म्हणाली, "आकाशकंदील लावून कुलूप घालून आलो, आणि इथे पैसे देऊन तेच बघतोय."

जेवण. रोज भारतीय हॉटेलात तेच : पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस आणि गोड म्हणून डब्यातला गुलाबजाम. शाकाहारी माणसानं "चाय" हा शब्द शिकावा. आपला चहा नव्हे, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. बरेच बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांस खात नाहीत, त्यामुळे तशी खानावळ जवळपास असतेच. हनोईत आम्ही एकदा गेलो. टोफू, आळंबी, केळफूल. केळफूल बघून बायको इतकी खूश झाली की मालकिणीला भाजीची कृती खुणांनी सांगू लागली. मात्र नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही, माशांचं पाणी, म्हणजे फिश सॉस, त्यांच्या लेखी मीठ आहे.

शेवटी कंबोडिया. सिएम रीपजवळच्या अंगकोरच्या देवळांवर आभाळ निरभ्र, खंदक काठोकाठ. मोठ्या पावसानंतर जायचा हा फायदा. एप्रिलात जाल तर करपाल. इथे माझा आक्षेप तिकिटाचा. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. कंपनीनं एका दिवसाचा काढला, पहाटे सूर्योदयाला उठवलं, दुपारपर्यंत अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम उरकलं आणि अडीचला बाजारात सोडलं. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर पडतं, नेमकं तेव्हा आम्ही लोहचुंबकं विकत घेत होतो. समुद्रमंथनाचा पट मात्र पूर्वेकडच्या ओवरीत, तो सकाळीच बघावा. जवळजवळ ५० मीटर लांब. गाइड म्हणाला, ८८ देव आणि ९२ असुर. मेव्हणीनं मोजायला सुरुवात केली आणि चौतिसाव्या असुराशी बसचा हॉर्न वाजला.

पुण्यात आल्यावर मी मालकाला पत्र दिलं. दनांगच्या दोन दिवसांचे पैसे आणि "मी सन"चं तिकीट परत मागितलं. उत्तर आलं : नैसर्गिक आपत्तीला कंपनी जबाबदार नाही. मी लिहिलं की दर वर्षी त्याच महिन्यात येते ती आपत्ती नव्हे, ते वेळापत्रक, आणि मागे महिनावार सरासरीचा तक्ता जोडला. मालक सभेनंतर जिन्यात भेटला. "काका, एवढं कोण बघतं हो? लोक दिवाळी बघतात." हे मात्र खोटं नाही. माझ्याच घरात एकास तीन मतांनी सिद्ध झालं होतं.

ज्यांना दिवाळीतच जायचंय त्यांनी हनोई, निन्ह बिन्ह, हालाँगला मुक्काम आणि तिथून सरळ सिएम रीप असं मागावं. मधली पट्टी फेब्रुवारी ते एप्रिलसाठी ठेवावी. थायलंडलाही हाच घोळ आहे. फुकेतचा पाऊस दिवाळीला संपत आलेला असतो, पण पलीकडच्या आखातातल्या को सामुईला तेव्हा सुरू होतो, आणि दोन्ही एकाच पानावर विकतात. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत बाली चालेल. जपान तर फारच छान, पण मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याच सुट्ट्या असतात, ते दिवस टाळा.

ऑफिसला पाचपैकी दोन, त्यातला एक चहाचा. टूर मॅनेजरचं वर लिहिलंच आहे. भेट म्हणून दिलेल्या ट्रॉली बॅगेचं चाक हनोई विमानतळावर निघालं, ते साडूभाऊंनी खिशात जपून आणलं आणि फेव्हिक्विकनं बसवलं. आम्ही पुढच्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जातोय, महिना मी ठरवलाय. तिकीट आणि हॉटेलं त्याच मुलाकडून काढली. सिगिरियाच्या बाराशे पायऱ्या आहेत हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.