जुन्या होमस्टेडवर आई-वडिलांसोबत धातुशोध : दोघांत एक चांगले यंत्र घ्यावे की दोन साधी?

नेब्रास्का, कॅन्सस किंवा डकोटात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे आई किंवा वडील पाच-सहा महिन्यांसाठी आले, की पहिले काही आठवडे कौतुकात जातात आणि मग त्यांचा दिवस कसा जायचा हा प्रश्न उभा राहतो. ज्यांना मातीची, जुन्या वस्तूंची आणि जमिनीच्या कागदपत्रांची मनापासून आवड आहे, अशा आई-वडिलांसाठी ओसाड पडलेल्या होमस्टेडवर, म्हणजे सरकारने कसण्याच्या अटीवर दिलेल्या जमिनीवरच्या जुन्या शेतघराच्या जागी, धातुशोधक यंत्र घेऊन जाणे हा फार समाधान देणारा छंद आहे. खर्चाची तयारी साधारण सहाशे-सातशे डॉलरची असेल, तर तेवढ्या पैशांत एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारे एक चांगले यंत्र येते, किंवा एकाच वारंवारतेवर चालणारी दोन साधी यंत्रे येतात. पहिल्या प्रकारात नोक्ता लेजंड किंवा माइनलॅब इक्विनॉक्स मालिकेतील यंत्रे मोडतात, तर दुसऱ्यात गॅरेट एस 300 सारखी. सहा महिन्यांच्या सोबतीचे स्वरूप बऱ्याच अंशी या निवडीवर ठरत असल्यामुळे ती विचारपूर्वक करावी.

आधी जमिनीत काय दडलेले असते ते पाहू, कारण यंत्राची निवड त्यावरच अवलंबून आहे. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो अमलात आला. अर्ज करणाऱ्याला 160 एकर जमीन मिळे. पाच वर्षे तिथे राहून, घर बांधून आणि जमीन कसून दाखवली की ती त्याच्या नावावर होई. पहिल्या दावेदारांत गणला जाणारा डॅनियल फ्रीमन याची जमीन नेब्रास्कातील बिॲट्रिसजवळ होती आणि तिथे आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. लाकूड दुर्मीळ असलेल्या या माळरानावर सुरुवातीची घरे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची होती. पुढे रेल्वेने लाकूड येऊ लागल्यावर फळ्यांची घरे उभी राहिली. ती घरे जळाली, पडली किंवा पाडली गेली, तेव्हा लाकूड नाहीसे झाले आणि खिळे मात्र जमिनीत राहिले. त्यांच्या जोडीला काटेरी तारेचे तुकडे, चुलीचे बीड आणि पत्र्याचे डबे असतातच. या लोकांच्या हाती रोकड कमी असे, त्यामुळे नाणी थोडी सापडतात. घोड्याच्या साजाची कडी, कामाच्या पँटचे बक्कल, पितळी बटण, बरणीचे जस्ती झाकण, काडतुसाचे पितळी बूड अशाच वस्तू जास्त निघतात. एखादे वेळी 1859 ते 1909 या काळातला इंडियन हेड सेंट किंवा 1892 ते 1916 मधली चांदीची बार्बर डाइम (दहा सेंटचे नाणे) निघाली, तर तो दिवस लक्षात राहतो.

या सगळ्यातला खरा अडथळा म्हणजे खिळे. यंत्राच्या कॉइलखाली, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीखाली, एकाच वेळी चार खिळे आणि एक नाणे आले, तर साधे यंत्र बहुतेक वेळा लोखंडाचाच प्रतिसाद देते आणि नाणे झाकले जाते. खोलीवर फार भर देणाऱ्या जाहिराती इथे उपयोगाच्या नाहीत, कारण होमस्टेडवरच्या बऱ्याच वस्तू एक वीतभर खोलीच्या आतच असतात. कस लागतो तो गर्दीतून वेगळा आवाज ओळखण्यात. या बाबतीत अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रे स्पष्टपणे सरस आहेत. एका वस्तूचा प्रतिसाद संपवून दुसरीसाठी सज्ज होण्याचा त्यांचा वेग जास्त असतो आणि हा वेग वापरणाऱ्याला कमी-जास्तही करता येतो. एस 300 आठ किलोहर्ट्झवर चालते. या खालच्या वारंवारतेवर चांदी आणि तांबे चांगले कळते, पण निकेलची नाणी, लहान बटणे, पातळ बकले अशा कमी वाहक वस्तू लोखंडाच्या शेजारी असल्या की निसटतात. साध्या यंत्राला साधारण पंधरा सेंटीमीटरची छोटी कॉइल लावली, तर हा फरक बराच कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि दोन यंत्रांसाठी दोन छोट्या कॉइल घेतल्या, तर खर्चाचे गणित पुन्हा बिघडते.

वजनाचा मुद्दा अनेकजण सर्वांत आधी विचारतात, पण या दोन पर्यायांत तो निर्णायक नाही. दोन्हीकडची यंत्रे सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान आहेत. एक किलोच्या आतले यंत्र हवे असेल तर एक्सपी ड्यूस 2 आहे, पण त्याची किंमत इथे गृहीत धरलेल्या खर्चात बसत नाही. महत्त्व आहे ते दांड्याची लांबी आणि कोपराच्या आधाराची जागा बरोबर बसवण्याला. यंत्र हातात धरल्यावर खांदा उचलावा लागत असेल, तर सत्तरीतल्या माणसाचा हात अर्ध्या तासात भरून येतो, मग ते यंत्र कितीही हलके असो.

वजनापेक्षा कानाचा विचार अधिक करावा, असे माझे ठाम मत आहे. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच स्वर आधी जातात, आणि नेमके चांदीसारख्या चांगल्या वाहक धातूंसाठी बहुतेक यंत्रे उंच स्वरच देतात. वडिलांना खिळ्याचा खर्जातला आवाज व्यवस्थित ऐकू येतो आणि डाइमचा बारीक, तीक्ष्ण आवाज मात्र ऐकूच येत नाही, असे घडू शकते. एस 300 सारख्या यंत्रात ठरलेले तीन स्वर आहेत. महागड्या यंत्रांपैकी कित्येकांत धातूंच्या प्रत्येक गटाचा स्वर खाली आणता येतो. खरेदीपूर्वी दुकानात एक जुने चांदीचे नाणे आणि एक खिळा कॉइलसमोर आळीपाळीने धरून, वडिलांना पाठमोरे उभे करून दोन्ही आवाज ओळखता येतात का ते पाहावे. या एका चाचणीवरून जे कळते, ते माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून कळत नाही.

आता दोघांनी मिळून काम करण्याची प्रत्यक्ष पद्धत पाहू, कारण माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. दोन यंत्रे जवळजवळ चालवली की ती एकमेकांच्या आवाजात व्यत्यय आणतात. एकाच मॉडेलची असतील तर हा त्रास अधिक होतो. काही यंत्रांत वारंवारता किंचित सरकवण्याची सोय असते, तरीही दहा-बारा मीटरचे अंतर ठेवावे लागतेच. म्हणजे वडील एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला आणि दोघांच्याही कानांवर हेडफोन. शिवाय प्रत्येकाला आपापला खड्डा स्वतः खणावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर पाच मिनिटांनी खाली बसून उठणे हेच या छंदातले सर्वांत अवघड काम असते. यंत्र फिरवणे त्यामानाने सोपे आहे.

एकच यंत्र असले की कामाची वाटणी आपोआप होते. वडील यंत्र फिरवतात, हेडफोन न लावता स्पीकर चालू ठेवल्यामुळे आवाज दोघांनाही ऐकू येतो. आवाज आला की ते थांबतात आणि त्या जागेभोवती पाव वळसा घेऊन पुन्हा कॉइल फिरवतात. वाकलेला मोठा खिळा किंवा पत्र्याचा तुकडा एका दिशेने चांदीसारखा बोलतो आणि दुसऱ्या दिशेने फिरवल्यावर आवाज तुटतो, पडद्यावर धातूची ओळख सांगणारा आकडा घसरतो. दोन्ही दिशांनी आकडा टिकला तर मुलगी गुडघे टेकते, धारदार खुरप्याने गवताचा गोल तीन बाजूंनी कापते आणि चौथी बाजू बिजागरीसारखी तशीच ठेवून तो उलटवते. मग हातातल्या लहान पिनपॉइंटरने मातीत नेमकी जागा शोधायची. तो थरथरत असल्यामुळे ऐकू कमी येणाऱ्यालाही वापरता येतो, म्हणून तो वडिलांनी खुर्चीवर बसून उपसलेल्या मातीवर फिरवावा. बक्कल हाती आले की ते पाण्याने हलकेच धुवायचे, नाणे असेल तर मुळीच घासायचे नाही, आणि गवताचा गोल पुन्हा जागेवर दाबून बसवायचा. या सगळ्या वेळात दोघे एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असतात आणि बोलणे चालू राहते. आई-वडिलांना या छंदात घेण्याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे, आणि दोन यंत्रांच्या पर्यायात नेमके तेच हातचे जाते.

दोन यंत्रांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. आई किंवा वडील धडधाकट असतील, त्यांना कोणी सतत सोबत असलेले आवडत नसेल, किंवा आपण कामावर असताना त्यांनी घरामागच्या अंगणात एकट्याने सराव करावा अशी इच्छा असेल, तर साधे, दोन-तीन बटणांचे स्वतःचे यंत्र त्यांना अधिक मोकळीक देते. महागड्या यंत्राच्या पडद्यावरचे पर्याय पाहून अनेक ज्येष्ठ माणसे बिचकतात आणि ते हाताळायचे टाळतात. नांगरलेल्या शेतातही दोन यंत्रे बरी पडतात. तिथे नांगराने वस्तू दूरवर पसरलेल्या असतात, माती भुसभुशीत असते, आणि गव्हाची कापणी झाल्यावर पुढची पेरणी होईपर्यंतच्या थोड्या काळात मोठे क्षेत्र पाहून व्हावे लागते. पण नांगरटीतल्या ढेकळांवरून चालणे वयस्कर माणसाला त्रासाचे असल्यामुळे, आई-वडिलांसाठी मी कुरणातली जागाच निवडेन. ओसाड घर तिथे होते याच्या खुणाही कुरणात शाबूत असतात: माळरानात अचानक उभे असलेले लायलॅक या शोभेच्या फुलझाडाचे झुडूप, सरळ ओळीतली जुनी झाडे, तळघराचा खचलेला खळगा. जिथे दोन खांबांच्या मधे कपडे वाळत घालत, तिथे खिशातली नाणी आणि बटणे पडण्याची शक्यता अधिक, शिवाय घराच्या जोत्यापेक्षा तिथे खिळेही कमी.

अशी जागा शोधण्याचे काम मात्र निःसंकोच आई-वडिलांकडे सोपवावे. फेडरल सरकारच्या जमीन विभागाच्या संकेतस्थळावर होमस्टेडचे मूळ मालकीपत्र विनामूल्य पाहता येते. एक मैल बाय एक मैलाचा चौरस म्हणजे 640 एकरांचा सेक्शन आणि त्याचा चौथा भाग म्हणजे 160 एकर, हे एकदा समजले की ज्यांनी आयुष्यभर सातबारा, गट नकाशे आणि चतुःसीमा वाचल्या आहेत त्यांना ही पद्धत लवकर उमगते. राष्ट्रीय अभिलेखागारातील जुन्या फाइलींत तर घराची लांबी-रुंदी, किती एकर नांगरले, विहीर होती की नाही, अशी माहिती साक्षीदारांच्या जबानीसह मिळते. ती हाती असेल तर शेतमालकाशी बोलणेही सोपे जाते.

मालकाची परवानगी लेखीच घ्यावी आणि सापडलेल्या वस्तूंचे काय करायचे ते आधी ठरवावे. त्याच्या पणजोबांच्या घरातली वस्तू असेल तर ती त्याला देणेच योग्य. राष्ट्रीय उद्यानांत धातुशोधक यंत्र वापरण्यास तर मनाई आहेच, ते जोडलेल्या, वापरता येईल अशा स्थितीत जवळ बाळगण्यासही आहे. 1979 च्या पुरातत्त्वीय संसाधन संरक्षण कायद्यानुसार फेडरल आणि आदिवासी जमिनींवरील शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष परवान्याशिवाय काढणे गुन्हा आहे. राज्यांच्या आणि काउंटीच्या जागांचे नियम वेगवेगळे असल्याने संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे. जुन्या होमस्टेडवर कधी कधी कुटुंबाची लहानशी दफनभूमीही असते. तिथे खणू नये.

परत जाताना यंत्र गावी न्यावे आणि पडक्या वाड्याच्या जोत्यात फिरवून पाहावे, असा विचार वडिलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या आशेवर दुसरे यंत्र घेऊ नये. आपल्याकडे 1878 चा निधी कायदा आजही लागू असून, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारके आणि पुरावस्तू यांचे कायदे त्याहून कडक आहेत. हा छंद जिथे कायद्याने आणि मालकाच्या संमतीने करता येतो, तिथेच करावा.

दोन्ही पर्यायांना लागू असलेली काळजी थोडक्यात नोंदवतो. हृदयात पेसमेकर असेल तर यंत्र हाती देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आतली असावी, कारण गंजके लोखंड आणि माती दोन्ही हाताळावी लागतात. ओसाड घरांजवळ फळ्या टाकून झाकलेल्या जुन्या विहिरी असतात आणि त्या फळ्या कुजलेल्या असतात, म्हणून गवतात आई-वडिलांच्या पुढे आपण चालावे. रॅटलस्नेक आणि गोचिड्यांचा धोका वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत असतो, तरी कडक उन्हाळ्यापेक्षा एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने अधिक चांगले.

बहुतेक कुटुंबांना मी एक चांगले यंत्र, एक भरवशाचा पिनपॉइंटर, धारदार खुरपे आणि घडीची खुर्ची एवढेच घ्यायला सांगेन. पुढच्या वर्षी आई-वडील पुन्हा आले आणि गोडी टिकलेली असली, तर दुसरे यंत्र तेव्हा घ्यावे, मात्र ते त्याच कंपनीचे आणि शक्य तर त्याच मालिकेतले असावे. प्रत्येक कंपनीच्या पडद्यावरचे आकडे वेगळे असतात, आणि वडिलांनी एका यंत्रावर शिकलेला डाइमचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उपयोगी पडत नाही.